मतदान संसदेत, निर्णय त्याआधीच : जपानच्या कारभारावर वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये साने ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. तेव्हापासून या सदराकडे जपानबद्दलचे प्रश्न येत आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : जपानमध्ये पंतप्रधान इतक्या पटापट का बदलतात? निवडणूक न होताच नवा माणूस खुर्चीवर बसतो, हे लोकांना चालते कसे?

उत्तर : आधी मतपत्रिका पाहा. कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. एकीवर मतदारसंघातील उमेदवाराचे नाव लिहायचे, दुसरीवर पक्षाचे. पंतप्रधान कोण हवा, हे कुठेच विचारलेले नसते. त्याची निवड संसद करते. १९५५ मध्ये स्थापन झालेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष (यापुढे एलडीपी) १९९३-९४ आणि २००९ ते २०१२ एवढा काळ सोडला, तर कायम सत्तेत राहिला आहे. त्यामुळे बहुतेक वेळा पक्षाध्यक्षाची निवडणूक हीच पंतप्रधानाची निवडणूक ठरते.

तिचे नियम असे. उमेदवाराला पक्षाच्या २० खासदारांची शिफारस लागते. पहिल्या फेरीत जितकी मते खासदारांची, तितकीच मते देशभरातील वर्गणीदार सदस्यांच्या कौलानुसार वाटली जातात. कोणालाही निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. तिथे सदस्यांचे वजन एकदम घटते : खासदारांची मते तशीच राहतात आणि ४७ प्रांतांना मिळून फक्त ४७ मते उरतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ९ उमेदवार होते. पहिल्या फेरीत ताकाइचींना १८१ आणि शिगेरु इशिबांना १५४ मते पडली. दुसऱ्या फेरीत इशिबा २१५ विरुद्ध १९४ असे जिंकले.

अध्यक्षपदाची मुदत ३ वर्षे, पण ती क्वचितच पुरी होते. निवडणूक हरली की पक्षाचेच खासदार उठतात, कारण पुढची निवडणूक त्यांना लढवायची असते. इशिबांच्या नेतृत्वाखाली सत्ताधारी आघाडीला ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या ४६५ पैकी २१५ जागाच मिळाल्या. जुलै २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहातही बहुमत गेले. मुदतीआधी अध्यक्षपदाची निवडणूक घ्यायची का, हे खासदार आणि प्रांतिक शाखा ८ सप्टेंबरला ठरवणार होत्या. इशिबांनी ७ तारखेलाच राजीनामा जाहीर केला. संसदेत अविश्वास ठराव मंजूर झाला नव्हता. पक्षातला हिशेब पुरेसा होता.

लोकांना हे चालते का? अर्धेमुर्धे. म्हणूनच नवा पंतप्रधान लगेच कौल मागायला धावतो. राज्यघटनेच्या कलम ७ चा आधार घेऊन मंत्रिमंडळ हवे तेव्हा कनिष्ठ सभागृह विसर्जित करते. विसर्जनापासून ४० दिवसांत निवडणूक घ्यावी लागते. इशिबा १ ऑक्टोबर २०२४ ला पदावर आले आणि ९ ला त्यांनी सभागृह विसर्जित केले. डाव उलटला, ही गोष्ट वेगळी. सभागृहाची मुदत ४ वर्षांची आहे, पण १९४७ पासून ती पूर्ण होऊन झालेली निवडणूक एकच, डिसेंबर १९७६ ची.

प्रश्न : एखादा कायदा मंत्रालयातून निघून संसदेत कसा पोचतो? सगळे आधीच ठरलेले असते, असे ऐकतो.

उत्तर : बरेचसे खरे आहे, आणि जपान समजून घ्यायचा तर हाच भाग नीट पाहायला हवा.

मसुदा मंत्रालयातील संबंधित कक्षात तयार होतो. विषय मोठा असेल, तर आधी ‘शिंगिकाई’ म्हणजे सल्लागार परिषद बसते. तीत प्राध्यापक, उद्योगांचे आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी असतात. अहवाल परिषदेच्या नावाने निघतो, पण टाचणे पुरवणारे सचिवालय मंत्रालयाचेच असते. मग इतर मंत्रालयांशी सल्लामसलत होते. एकाही मंत्रालयाची हरकत राहिली, तर गाडी अडते. बरोबरीने मंत्रिमंडळाचा विधी विभाग मसुद्याची शब्दन्‌शब्द तपासणी करतो : जुन्या कायद्यांशी विसंगती आहे का, घटनेत बसते का, एवढेच काय, स्वल्पविराम योग्य जागी आहे का. नवख्या अधिकाऱ्याला घाम फुटतो तो इथे.

यानंतरची पायरी कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही, आणि ती सर्वांत जड आहे. मसुदा सत्ताधारी पक्षाकडे जातो. एलडीपीच्या धोरण मंडळाखाली जवळजवळ प्रत्येक मंत्रालयाच्या जोडीला एकेक ‘बुकाई’ म्हणजे विषयगट असतो. आधी बुकाई, मग धोरण मंडळाची बैठक, शेवटी ‘सोमुकाई’ म्हणजे पक्षाची सर्वसाधारण परिषद. सोमुकाईत निर्णय एकमताने घ्यायची रीत आहे. ज्याला विरोध नोंदवायचा आहे पण मोडता घालायचा नाही, तो निर्णयाच्या वेळी उठून बाहेर जातो. सोमुकाईची मान्यता मिळाली की सगळ्या खासदारांवर पक्षादेश लागू होतो. मगच मसुदा मंत्रिमंडळापुढे येतो. मंत्रिमंडळ मंगळवारी आणि शुक्रवारी भरते, निर्णय एकमतानेच होतो आणि मंत्री कुंचल्याने आपली खास सही करतात. बैठक आटोपायला फार वेळ लागत नाही, कारण वाद घालण्याजोगे काही उरलेलेच नसते. पक्षाच्या पूर्वतपासणीची ही पद्धत १९६२ पासून रुळली.

या सगळ्यात अधिकारी एकेका खासदाराच्या दारी जाऊन समजूत काढत असतात. त्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ.

एवढा खटाटोप आधीच का? कारण संसदेत पोचल्यावर मसुदा सरकारच्या हातात राहत नाही. कामकाज पत्रिकेवर आलेले विधेयक बदलायचे किंवा मागे घ्यायचे, तर सभागृहाची संमती लागते. वेळापत्रक सरकार ठरवत नाही, पक्षांच्या संसदीय समित्या आपसांत ठरवतात. वर्षाचे मुख्य अधिवेशन १५० दिवसांचे असते. ते संपेपर्यंत विधेयक मंजूर झाले नाही आणि पुढे नेण्याचा ठरावही झाला नाही, तर ते बाद होते. विरोधकांचे खरे हत्यार म्हणजे हे घड्याळ. तारखा लांबवायच्या, मंत्र्याचा राजीनामा मागायचा, समितीवर बहिष्कार टाकायचा.

याची किंमतही आहे. बुकाईतला खरा वाद बंद दाराआड होतो आणि संसदेतली चर्चा नाटकासारखी वाटते. उद्याचे प्रश्न विरोधकांकडून संध्याकाळी उशिरा कळतात. मग मंत्र्यांची उत्तरे लिहिण्यासाठी मंत्रालयांच्या कासुमिगासेकी भागात मध्यरात्रीनंतरही दिवे जळत राहतात.

२००९ मध्ये सत्तेवर आलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाने ही रचना मोडून पाहिली. पक्षाचे धोरण मंडळ बंद केले, सचिवांची समन्वय बैठकही बंद केली. परिणाम असा, की मंत्रिपद नसलेल्या खासदारांना बोलायला जागा उरली नाही आणि मंत्रालयांचा आपसांतला मेळ तुटला. २०१० मध्ये धोरण मंडळ परत आले, २०११ मध्ये सचिवांची बैठकही वेगळ्या नावाने परतली. पुढे एलडीपीचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी दुसरी वाट धरली. मे २०१४ मध्ये मंत्रिमंडळाखाली कर्मचारी विभाग काढून सुमारे ६०० वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुका पंतप्रधान कार्यालयाच्या कक्षेत आणल्या. निर्णय झपाट्याने होऊ लागले, पण वरच्यांच्या मनातले ओळखून वागणारे अधिकारीही वाढले, अशी टीका झाली. आबेंच्या पत्नीशी संबंध असलेल्या मोरितोमो शाळेला सरकारी जमीन स्वस्तात विकल्याच्या प्रकरणातील १४ कागदपत्रांत फेरफार झाल्याचे अर्थ मंत्रालयाने २०१८ मध्ये कबूल केले, तेव्हा त्या टीकेला धार आली.

प्रश्न : मग २००५ मध्ये पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमींचे टपाल विधेयक पडले कसे?

उत्तर : वरची पायरी त्यांनी जबरदस्तीने ओलांडली म्हणून. टपाल खात्याच्या खासगीकरणाला पक्षातच विरोध होता, म्हणून सोमुकाईत रीत मोडून बहुमताने निर्णय घेतला गेला. एकमत नाही, तर पक्षादेश कसला, असे बंडखोर म्हणू लागले. ५ जुलै २००५ ला कनिष्ठ सभागृहात विधेयक २३३ विरुद्ध २२८ असे जेमतेम तरले. एलडीपीच्या ३७ जणांनी विरोधात मत दिले होते. ८ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहात ते १०८ विरुद्ध १२५ असे पडले.

कोइझुमींनी त्याच दिवशी कनिष्ठ सभागृह विसर्जित केले. विधेयक पाडले वरिष्ठ सभागृहाने, घरी गेले कनिष्ठ सभागृह. पण वरिष्ठ सभागृह विसर्जित करताच येत नाही. विरोधात मत देणाऱ्यांना पक्षाचे तिकीट नाकारले आणि त्यांच्याविरुद्ध नवे उमेदवार उभे केले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘मारेकरी’ म्हटले. ११ सप्टेंबरला एलडीपीला ४८० पैकी २९६ जागा मिळाल्या आणि ऑक्टोबरमध्ये तेच विधेयक दोन्ही सभागृहांत आरामात पार पडले. आमच्या मते हा मार्ग इतरांनी गिरवण्याजोगा नाही. एकाच प्रश्नावर निवडणूक फिरवू शकणारा नेता रोज मिळत नाही.

प्रश्न : वरिष्ठ सभागृह दुय्यम असते ना? मग तिथे बहुमत नसले तर एवढे काय बिघडते?

उत्तर : कनिष्ठ सभागृहाने संमत केलेले अंदाजपत्रक आणि करार, वरिष्ठ सभागृहाने काही केले नाही तरी, ३० दिवसांनी आपोआप मंजूर धरले जातात. पंतप्रधानाच्या निवडीतही कनिष्ठ सभागृहाचा शब्द अखेरचा. साध्या विधेयकांचे मात्र तसे नाही. वरिष्ठ सभागृहाने ते फेटाळले, किंवा ६० दिवस नुसते ठेवून दिले, तर कनिष्ठ सभागृहाला दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर करावे लागते.

२००८ मध्ये याचा अनुभव पेट्रोल पंपावर आला. पेट्रोलवरचा लिटरमागे सुमारे २५ येनचा जादा कर मार्चअखेर संपत होता. वरिष्ठ सभागृहातल्या विरोधी बहुमताने मुदतवाढीचे विधेयक मतदानालाच घेतले नाही. १ एप्रिलपासून कर उतरला. ६० दिवस भरल्यावर ३० एप्रिलला दोन तृतीयांश मतांनी तो परत लागू झाला. संसदेच्या संमतीने होणाऱ्या नेमणुकांना तर ही पळवाटही नाही. त्याच मार्चमध्ये बँक ऑफ जपानच्या गव्हर्नरची खुर्ची जवळपास तीन आठवडे रिकामी राहिली.

प्रश्न : मतदारसंघात हरलेला उमेदवार खासदार कसा होतो?

उत्तर : ४६५ पैकी २८९ जागा मतदारसंघांच्या आहेत, १७६ जागा ११ विभागांत पक्षांच्या मतांनुसार वाटल्या जातात. एकच उमेदवार दोन्हीकडे उभा राहू शकतो. पक्ष बहुधा अशा सगळ्यांना यादीत एकाच क्रमांकावर ठेवतो. मग हरलेल्यांत वर कोण, हे विजेत्याच्या किती जवळ पोचला यावरून ठरते. विजेत्याला १,००,००० आणि तुम्हाला ९२,००० मते असतील, तर तुमचा आकडा ९२ टक्के. मतदारसंघात वैध मतांच्या एक दशांशाहून कमी मते पडली, तर हा मार्ग बंद. लोक अशा खासदारांना ‘झोंबी’ म्हणतात, आणि मते मागायला आलेल्यांना ते ठाऊक असते.

पक्षांनी यादी पुरेशी लांब ठेवली नाही, तर जिंकलेल्या जागा दुसऱ्यांना जातात. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पार्टी फॉर द पीपल या पक्षाने अशा ३ जागा गमावल्या. आणखी एक गंमत : २०२१ मध्ये दोन पक्षांनी ‘मिन्शुतो’ (म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष) हेच संक्षिप्त नाव नोंदवले होते. नुसते तेवढेच लिहिलेली मते दोघांत त्यांच्या इतर मतांच्या प्रमाणात वाटली गेली.

प्रश्न : निवडणूक घटनाबाह्य आहे असे न्यायालय म्हणते, तरी निकाल कायम राहतो. हे कसे?

उत्तर : १९७२ च्या निवडणुकीत काही मतदारसंघांतील मताचे वजन दुसरीकडच्या जवळपास पाच पट होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली, पण रद्द केली नाही. रद्द केली, तर कायदा दुरुस्त करायला खासदारच कुठून आणायचे, हा पेच होता. पुढे न्यायालयाने मधला शब्दही वापरला, ‘घटनाबाह्य अवस्था’. याचा अर्थ, विषमता आहे, पण दुरुस्तीला संसदेला वाजवी वेळ मिळालेला नाही. २००९ च्या निवडणुकीतील २.३० पट फरकावर २०११ मध्ये हाच शेरा आला. मतदार मतदानापासून ३० दिवसांत थेट उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि वकिलांचे गट दर निवडणुकीनंतर देशभर असे दावे ठोकतात. त्यांच्याच रेट्याने १० प्रांतांतील एकेक जागा काढून ५ दाट वस्तीच्या प्रांतांना १० जागा देण्यात आल्या. २०२४ ची निवडणूक या नव्या वाटपाने झाली.

प्रश्न : सगळे नियमात बसूनही सरकार गेले, असे कधी झाले आहे का?

उत्तर : १९६० मध्ये. तेव्हाचे पंतप्रधान नोबुसुके किशी यांना अमेरिकेबरोबरचा सुधारित सुरक्षा करार मंजूर करून घ्यायचा होता. १९ मेच्या रात्री कनिष्ठ सभागृहात बसकण मारलेल्या सोशलिस्ट खासदारांना पोलिसांनी उचलून बाहेर काढले आणि मध्यरात्रीनंतर करार संमत झाला. पुढे ३० दिवस काही करायची गरज नव्हती. १९ जूनला तो आपोआप मंजूर झाला. पण त्या महिन्यात संसदेभोवती लाखोंचे मोर्चे निघाले, एका विद्यार्थिनीचा बळी गेला, अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला. २३ जूनला किशींनी पद सोडत असल्याचे सांगितले. लोकांना करारापेक्षा तो मंजूर करण्याची तऱ्हा अधिक खटकली होती, म्हणून करार टिकला आणि माणूस गेला.

त्यांच्या जागी आलेल्या हायातो इकेदा यांनी घटनादुरुस्तीचा विषय बाजूला ठेवला, विरोधकांशी नमते घेतले आणि दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना पुढे केली. नोव्हेंबर १९६० च्या निवडणुकीत एलडीपीला ४६७ पैकी २९६ जागा मिळाल्या. ४५ वर्षांनी कोइझुमींना मिळालेला आकडाही नेमका हाच.