वळवाच्या वाऱ्यात गाडीचं ऑनिंग कसं वाचवायचं?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतलीये, डाव्या बाजूला अडीच बाय दोन मीटरचं गुंडाळायचं ऑनिंग (सावलीसाठी गाडीबाहेर ओढायचं कापडी छत) आहे. मे महिन्यात नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो, ऊन फार म्हणून ऑनिंग उघडलं, चारच्या सुमारास एकदम गार वारं सुटलं आणि आम्ही खुर्च्या उचलेपर्यंत अख्खं ऑनिंग उलटं होऊन टपावर गेलं. कोणाला लागलं नाही हे नशीब, पण एक आर्म (कापड ताणून धरणारा दांडा) वाकलाय आणि कापड शिवणीत उसवलंय. ऑनिंगच्या दोन्ही पायांना खुंट्या ठोकल्या होत्या तरी हे झालं. बसवून देणारा म्हणतो जाड पाइपचं घ्या. तेवढ्याने होईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: दादा, नाही होणार, आणि त्यात पैसे घालू नका असं मी अगदी मनापासून सांगते. पाइप जाड केला की पाइप वाकणार नाही, पण मग तोच जोर टपावरच्या ब्रॅकेटवर आणि पत्र्यावर येतो, आणि पत्रा फाटणं हे आर्म वाकण्यापेक्षा कितीतरी महागात जातं.

होतं काय, की वारा ऑनिंगला वरून दाबतो त्यापेक्षा खालून उचलतो. एका बाजूला गाडीची भिंत, वर कापड, म्हणजे वारा आत शिरला की त्याला पुढे जायला वाट नाही, शीड फुगावं तसं कापड फुगतं. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. तुमचं कापड 5 चौरस मीटर आहे, त्यावर ताशी 20 किमीचा वारा सरळ आपटला तर अंदाजे 9 किलोचा जोर, 40 ला 35 किलो, आणि 60 ला 80 किलोच्या आसपास. वळवाच्या झोतात 60 काही विशेष नाही. एक मोठा माणूस खालून ढकलतोय असं समजा, तेही हिसके देत देत.

आता खुंट्या. बॅकवॉटरच्या काठाला मे महिन्यात पाणी मागे गेलेलं असतं, वरचा गाळ वाळून भेगाळलेला असतो, त्यात खुंटी ठोकताना घट्ट वाटते पण हिसका बसला की अलगद वर येते. उलट डोंगराच्या बाजूला गेलात तर मुरूम नि खाली खडक, तिथे ती चार बोटंसुद्धा आत जात नाही. आपल्याकडे द्राक्षबागेत बघा, कडेच्या खांबाचा ताण नुसत्या खांबावर नसतो, तार तिरकी खाली आणून जमिनीत गाडलेल्या मोठ्या दगडाला बांधलेली असते. तसंच करायचं, पायाजवळ ठोकण्याऐवजी ऑनिंगच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतून पट्टा तिरका बाहेर आणायचा आणि लांब खुंटी मागे कललेली ठोकायची, जमीन धरत नसेल तर वाळूची भरलेली गोणी किंवा 20 लिटरचे पाण्याचे कॅन. पट्ट्याच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा, हिसका तो खातो, शिवण वाचते. गाठ मात्र सरकगाठच हवी, ओढली की सुटणारी, कारण वेळ आली की सोडायला अर्धं मिनिटसुद्धा नसतं.

पण हे सगळं साध्या वाऱ्यासाठी. वादळापासून ऑनिंग वाचवायचा एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे वेळेवर गुंडाळणं. तुम्हाला जो गार वारा लागला ना, तो इशारा नव्हता, ते वादळच होतं. वळवाच्या ढगातून थंड हवा जोरात खाली येते, जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते आणि पाऊस यायच्या आधीच आपल्यापर्यंत पोचते. म्हणून त्याच्याही आधी बंद करायचं. दुपारनंतर एखादा ढग कोबीसारखा वर वर चढत काळवंडायला लागला, लांब गडगडलं, किंवा धूळ नि कागद उडायला लागले (म्हणजे वारा 20 च्या वर गेलाच) की चहा अर्धा राहिला तरी चालेल, उठा. निघताना हवामान खात्याच्या साइटवर पुढच्या तीन तासांचा अंदाज बघत जा, आणि आभाळातल्या विजेचा इशारा देणारं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. वीज जवळ असेल तर ऑनिंगच्या पाइपला हातच लावायचा नाही, राहू दे ते उघडं, गाडीत बसा नि काचा लावा.

रात्री झोपताना आणि गाडी सोडून कुठे जाताना ते बंदच हवं, आभाळ कितीही निरभ्र असलं तरी. आम्ही एकदा अंजनेरीच्या पायथ्याशी आळस करून तसंच ठेवलं, रात्री दोनला कापडाच्या फटक्यांनी जाग आली, अंधारात बंद करताना ह्यांच्या मनगटावर पाइप बसला आणि महिनाभर हात गळ्यात होता. ती रात्र अजून आठवते मला.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, तेव्हा गाडीचं तोंड दक्षिणेला करून लावा म्हणजे तुमची डावी बाजू पूर्वेला येते आणि गाडीच आडोसा देते. वळवाचं मात्र असं काही सांगता येत नाही, तो कुठूनही येतो. वाकलेला आर्म ठोकून सरळ करू नका, बदलाच. उसवलेली शिवण ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे द्या, तो जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप मारून देईल.

प्रश्न: ताई, वारा नसताना नुसत्या पावसात ऑनिंग उघडं ठेवलं तर चालतं का? आणि इगतपुरीहून आलं की कापडाला काळे ठिपके पडतात, त्याचं काय करू?
– एक वाचक, सिडको

उत्तर: रिमझिम असेल तर चालतं, पण पुढचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर खाली घ्या, म्हणजे पाणी एका कोपऱ्यातून वाहून जाईल. सपाट ठेवलंत तर 10 मिलिमीटर पावसात 5 चौरस मीटरवर 50 लिटर पाणी पडतं, मधे झोळ झाला की ते तिथेच साचतं, आणि 50 किलो वजन त्या बारीक आर्मना झेपत नाही. झोळ दिसला तर खालून झाडूच्या दांड्याने ढोसू नका, कापड ताणतं, पायच खाली घ्या.

ठिपके म्हणजे बुरशी. ओलं गुंडाळावं लागतं तेव्हा लागतंच, पण घरी आल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून दोन्ही बाजूंनी पूर्ण कोरडं करा, पाऊस थांबत नसेल तर पार्किंगमध्ये उघडून पंखा लावा. मऊ ब्रश आणि साध्या साबणाचं कोमट पाणी पुरतं. ब्लीच नको, दोरा कुजतो, आणि मग पुढच्या वाऱ्याला शिवण आधी जाते.