वाचकांचे प्रश्न : मोतमाउलीचं देऊळ किती जुनं?

प्रश्न : आमच्या अलिबागकडून दरवर्षी मंडळी बांद्र्याच्या मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेला जातात. कुणी म्हणतं चर्च चारशे वर्षांचं, कुणी म्हणतं इंग्रजांच्या काळातलं. शिवाय मूर्ती समुद्रात कोळ्याला सापडली, मधमाश्यांनी चाच्यांना पळवलं, असंही ऐकतो. खरं काय?

उत्तर : मूर्तीचं वय वेगळं, इमारतीचं वेगळं. सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून मूर्ती आणून टेकडीवर मातीचं छोटं प्रार्थनाघर बांधलं, अशी परंपरा आहे. तुम्ही आज पायऱ्या चढून जाता ती दगडी इमारत मात्र 1904 ची, निम-गॉथिक घडणीची. मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत जुनं देऊळ पाडलं गेलं आणि 1760 च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं.

समुद्रात सापडलेली मूर्ती ही नव्हे. स्वप्नात दृष्टान्त झालेल्या कोळ्याची कथा जवळच्या सेंट अँड्र्यू चर्चमधल्या ‘नाविकांची माउली’ या मूर्तीची आहे. माउंट मेरीचं देऊळ पुन्हा बांधलं तेव्हा काही काळ हीच मूर्ती तिथे ठेवली होती. दोन्ही कथा एकमेकींत मिसळल्या त्या इथे.

चाच्यांची कथा टेकडीवरच्या मूर्तीची. 1700 मध्ये अरब चाच्यांनी हातातली सोनेरी वस्तू मिळवण्यासाठी मूर्तीचा उजवा हात तोडला, असं सांगतात. पुढे मधमाश्यांचं मोहोळ त्यांच्यावर तुटून पडलं, हा भाग श्रद्धेचा. मूर्ती पाहाल तेव्हा बाळ येशूकडे नीट लक्ष द्या. तो वेगळा काढता येतो आणि तुटलेल्या हाताची जागा त्याच्यामुळे झाकली जाते. हे एवढं बघण्यासाठी तरी गर्दीत रेटारेटी न करता थोडं थांबावं.

‘मोत’ हा शब्द ‘माउंट’वरून आला असं मानतात, त्यात मोती पाहणारेही आहेत. सण 8 सप्टेंबरचा, जत्रा त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर. मूर्ती निवांत पाहायची तर जत्रेचे दिवस टाळून जा. जत्रेतच जायचं असेल तर रस्त्यावरच्या मेणाच्या वस्तू जरूर पाहा : हात दुखत असेल तर मेणाचा हात, घर हवं असेल तर मेणाचं घर. नवस बोलायची ही रीत बांद्र्यात सगळ्या धर्मांच्या लोकांची आहे.

प्रश्न : गॉथिक बांधणी ओळखायची कशी?

उत्तर : आधी कमान पाहा. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चांच्या दारांवर कमानी अर्धगोल आहेत. गॉथिक कमानीत दोन चाप वर जाऊन टोकाला मिळतात. अर्धगोल कमान भिंतींना बाहेर जास्त रेटते. टोकदार कमान तोच भार अधिक सरळ खाली उतरवते. त्यामुळे भिंतीत उंच खिडक्या काढता येतात. उरलेला रेटा पेलायला भिंतीच्या बाहेर ठरावीक अंतरावर दगडी टेकू असतात. ते दिसले नाहीत आणि नुसती कमान टोकदार असली, तर तो बहुधा सजावटीपुरता गॉथिक.

मुंबईत गॉथिक बांधणीचा चोख नमुना म्हणजे कुलाब्याचं अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च 1858 मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालं. मनोरा मात्र 1865 मध्ये पुरा झाला, उंची 198 फूट. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो लांबूनच खूण म्हणून दिसायचा.