पोटातल्या सरड्याची साक्ष

प्रश्न : कोंबडीएवढा, अतिशय वेगाने धावणारा मांसाहारी डायनासोर होऊन गेला, असे वाचनात आले. केवळ सांगाड्यावरून त्याचा आहार आणि वेग कसा समजतो?

उत्तर : आपण वाचले ते बहुधा कॉम्प्सोग्नॅथसविषयी असावे. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, जर्मनीतला आजचा बव्हेरिया उथळ, उबदार समुद्रातल्या बेटांचा प्रदेश होता, तेव्हा तो तेथे वावरत असे. त्याच्या पहिल्या सांगाड्याला योहान अँड्रियास वाग्नर यांनी १८५९ मध्ये नाव दिले. या सांगाड्याची लांबी जेमतेम ९० सेंटिमीटर असून तिचा निम्म्याहून अधिक भाग शेपटीनेच व्यापला आहे.

मात्र या जीवाश्मातली खरी मोलाची वस्तू आहे ती त्याच्या फासळ्यांच्या आत दडलेला आणखी एक चिमुकला सांगाडा. ओथनील मार्श यांना १८८१ मध्ये तो पोटातल्या पिल्लाचा वाटला. पुढे १९०३ मध्ये फ्रान्झ नोप्चा यांनी तो सरड्याचा असल्याचे दाखवले, आणि १९७८ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी बारकाईने अभ्यास करून तो बव्हेरिसॉरस नावाचा सरडा ठरवला. लांब शेपटीचा आणि लांब पायांचा हा सरडा स्वतःच चपळ धावपटू असला पाहिजे, तेव्हा त्याला गाठणाऱ्याची नजर तीक्ष्ण आणि झेप वेगवान असणारच, असा ऑस्ट्रम यांचा युक्तिवाद होता. आहार आणि वेग या दोन्हींविषयी एकाच घासातून इतके काही कळावे, असा योग जीवाश्मांच्या अभ्यासात फार क्वचित येतो.

शरीराची ठेवणही याला दुजोरा देते. हाडे पोकळ व हलकी होती, नडगीचे हाड मांडीच्या हाडापेक्षा लांब होते आणि दोन पायांवर धावताना लांब शेपूट तोल सांभाळत असे. २००७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीवरून त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर काढण्यात आला. हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा, कारण स्नायूंचे वजन गृहीत धरूनच असे गणित मांडावे लागते. माझ्या मते सरड्याचा पुरावा त्याहून भक्कम आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये सापडलेल्या आणि १९७२ मध्ये वर्णन झालेल्या दुसऱ्या, सव्वा मीटर लांबीच्या सांगाड्याच्या पोटातही लहान सरपटणाऱ्या प्राण्यांचेच अवशेष आढळले आहेत.