माले की मला?

प्रश्न : ताई, मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. गाव अमळनेरजवळ, घरी सगळे अहिराणीच बोलतात. फर्स्ट इयरला रूमवर आईशी फोनवर बोलले की रूममेट्स "माले-तुले" करून हसायच्या, तेव्हापासून मी फोन घेऊन जिन्यात जाते, अजूनही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या टीमसाठी ऑडिशन दिली तर एक सीनियर म्हणाला टोन गावाकडचा येतो, बॅकस्टेज कर. मग मी हट्टाने बोलणं बदललं. आता दिवाळीला घरी तोंडातून "मला" निघालं तर आजी सगळ्यांसमोर म्हणाली, "पुण्यावाली उनी!" म्हणजे पुणेवाली आली. सगळे हसले, मी न्हाणीत जाऊन रडले. इकडे गावठी, तिकडे पुणेवाली. ब्रँचसुद्धा मामांनी अ‍ॅडमिशनच्या कॅप राउंडला भरली, मी फक्त ओटीपी सांगितला. जिथे जाईन तशी होते, म्हणजे माझं असं काही नाहीच का? खरी मी कोणती?
– जिन्यातली

उत्तर : अगं जिन्यातली, सही वाचूनच मला हसू आलं आणि मग जरा गलबललं पण. मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायकापण "मी आलो, मी जातो" म्हणतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पुण्यात मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं "मी जेवलो" आणि समोरच्या टेबलवरची पाच-सहा जणं ताट सोडून माझ्याकडे बघायला लागली. त्यानंतर मी वर्षभर प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचे आणि मग बोलायचे, तोवर गप्पांचा विषय बदललेला असायचा, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं ही फार शांत मुलगी आहे! मी आणि शांत.

आधी भाषेचं बोलू, कारण तुझं बाकीचं सगळं तिथूनच सुरू झालंय. तू "बोलणं सुधारलं" असं न लिहिता "बदललं" लिहिलंस हे मला आवडलं, कारण अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी नाहीच मुळी. २०११ च्या जनगणनेत ती मराठीत धरलेलीच नाही, 'खान्देशी' या नावाने वेगळी मोजलीय आणि बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर आहेत. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सनने केलेल्या भाषा सर्वेक्षणातही खान्देशी मराठीच्या खंडात नसून भिली भाषांबरोबर आहे. म्हणजे तू घरी एक भाषा बोलतेस आणि कॉलेजात दुसरी, प्लस लॅबमध्ये इंग्लिश. तीन भाषा येणाऱ्या मुलीला दोन भाषा येणाऱ्या मुली हसतात ही तशी गंमतच आहे, पण ती गंमत आत्ता तुला वाटणार नाही, हे मला कळतं.

आता "दोन्हीकडे परकी". आयडेंटिटी क्रायसिस, म्हणजे तुझा हाच "खरी मी कोणती?"चा गोंधळ, हा शब्द ज्यांच्यामुळे सगळ्यांच्या तोंडी बसला ते मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन, जन्म १९०२, फ्रँकफर्ट. घर ज्यू, पण हे उंच, गोरे, निळ्या डोळ्यांचे, त्यामुळे ज्यू मुलं त्यांना बाहेरचा म्हणून चिडवायची आणि शाळेतली बाकीची मुलं ज्यू म्हणून. खरे वडील कोण हेही कधी नीट कळलं नाही. कॉलेजची डिग्री घेतलीच नाही, चित्रं काढत युरोपभर भटकले, पंचविशीत व्हिएन्नाला एका छोट्या शाळेत शिकवायला गेले आणि तिथे मानसशास्त्राची वाट सापडली. एरिक्सन हे आडनावसुद्धा त्यांनी पुढे अमेरिकेत स्वतःच घेतलं. ज्या माणसाने या विषयावर जगाला शिकवलं त्याचं स्वतःचं एवढं लांबलं, तर तू सेकंड इयरला घाबरून कसं चालेल?

आणि जिथे जाईन तशी होते म्हणतेस, ते तर सगळेच होतात गं. तुमचे सर वर्गात बोलतात तसेच घरी बायकोशी बोलत असतील का? तुला खुपतंय ते वेगळंच आहे. तू फोन घेऊन उठतेस ना, ते उठणं खुपतंय. आजीचं फार मनाला लावून घेऊ नकोस, नात लांब चालली की म्हाताऱ्या माणसांना भीती वाटते आणि ती टोमण्यातूनच बाहेर पडते. पुढच्या वेळी अहिराणीतच उलटा टोमणा मार, बघ कशी खूश होते ते.

ब्रँचबद्दल मात्र मी तुझ्यावर थोडी चिडणार आहे. जेम्स मार्शिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एरिक्सनचंच काम पुढे नेऊन तरुण मुलांच्या चार अवस्था मांडल्या. त्यातली एक म्हणजे दुसऱ्याने ठरवलेलं, स्वतः काही न शोधता, आपलं म्हणून घेऊन टाकायचं. ओटीपी सांगणं म्हणजे तेच. दुसरी अवस्था म्हणजे ठरलेलं काहीच नाही पण शोध चालू आहे, आणि तू हे पत्र लिहिलंस म्हणजे तू आता तिथे आहेस. लगेच ब्रँच सोडायच्या गोष्टी करू नकोस, कदाचित कोडिंग तुला आवडतही असेल, तू पत्रात त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. एक सेमिस्टर मामांना विसरून कर आणि मग मला कळव. बॅकस्टेजही कर, लाइट्स शीक, पण पुढच्या वर्षी ऑडिशनला परत उभी राहा आणि स्वगत अहिराणीतच म्हण, त्या सीनियरला तोवर डिग्री मिळाली असेल.

या आठवड्यात एकच कर, आईचा फोन आला की कॉटवरच बसून उचल. हसतील, दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी त्यांची रील्स चालू असतील.

आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे कानबाई देवी बसेल तेव्हा सबमिशनचं कारण न सांगता घरी जा, जमलं तर त्या "माले-तुले" करणारीलाच सोबत ने. कानबाईच्या प्रसादाचे रोट तिला मिळणार नाहीत, बऱ्याच घरी ते भाऊबंदांनीच खायचे असतात, पण शेवभाजी वाढ. आईला सांग, मसाला कमी करू नको.