लोंगजिंग ग्रीन टी उकळल्यावर कडू का होतो, आणि तो करायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की भावाने हांगझोऊहून लोंगजिंगचा डबा आणला, तुम्ही तो आपल्या चहासारखा पातेल्यात चांगला पाच मिनिटं उकळला, तर कडू जहर झाला, आणि आता घरचे म्हणतायत हा पाला चिनी लोक आवडीने पितात तरी कसे. आधी एक विनंती, उरलेला डबा कुणाला देऊन टाकू नका. आपल्या चहा पावडरची सगळी ताकद उकळून काढावी लागते. लोंगजिंगचं रांधायचं काम कढईत आधीच झालेलं असतं, कुणीतरी तळहाताने ते केलेलं असतं, आपल्याकडे फक्त पाणी घालायचं काम उरतं. एवढं एक लक्षात आलं की बाकी सगळं सोपं आहे.

मी मूळची इचलकरंजीची, कापडाच्या कामासाठी साडेतीन वर्षं चीनमध्ये शाओशिंगजवळ केचियाओला होते, तिथे कापडाचा प्रचंड मोठा बाजार आहे आणि भारतातले व्यापारी भरपूर. हांगझोऊ तिथून जवळच, हो तेच हांगझोऊ जिथे 2023 च्या आशियाई स्पर्धेत आपल्या नागपूरच्या तिरंदाज ओजस देवतळेने तीन सुवर्णपदकं घेतली. आमच्या एका सप्लायरच्या बायकोचं माहेर मेइजियावू गावात, हांगझोऊच्या शीहू सरोवराच्या पलीकडच्या डोंगरातलं चहाचं गाव, आणि तिच्या वडलांना मी शुशु म्हणायचे, म्हणजे काका. दोन वर्षं लागोपाठ मार्च अखेरीस मी त्यांच्याकडे राहिले, त्यामुळे जे सांगतेय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तिथे सगळी धावपळ एका तारखेसाठी असते. 4-5 एप्रिलला छिंगमिंग येतो, पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायचा दिवस, आपल्या सर्वपित्रीच्या जवळ जाणारा. त्याच्या आधी खुडलेला चहा तो मिंगचियान, सगळ्यात महाग. त्यानंतर 20 एप्रिलच्या आसपास गूयू नावाचा तिथल्या पंचांगातला दिवस येतो, तोपर्यंतचा युचियान, तो थोडा दणकट चवीचा, आणि मला खरं सांगायचं तर रोजच्या पिण्याला तोच जास्त आवडतो. मिंगचियानसाठी फक्त एक कोंब आणि एखादं कोवळं पान एवढंच खुडतात, नख लावायचं नाही, चिमटीत धरून वर उचलायचं, नख लागलं की देठ काळा पडतो. अर्धा किलो उंची चहाला असे हजारो कोंब लागतात आणि चार-साडेचार किलो ओल्या पानाचा जेमतेम एक किलो चहा होतो, म्हणजे भावाने आणलेल्या डब्यात कुणाचीतरी कंबर मोडून केलेली मेहनत आहे हो.

खुडलेली पानं बांबूच्या मोठ्या सुपांवर पातळ पसरून सावलीत काही तास ठेवतात, थोडी मलूल होतात आणि कच्चा हिरवट वास उडतो. मग कढई. आता बरीचशी भाजणी मशीनवर होते, पण शुशु चांगला माल हातानेच करायचे, मातीच्या ओट्यात तिरकी बसवलेली लोखंडी कढई, खाली वीज, आणि कढईला वनस्पतीच्या मेणाचा अगदी पुसट हात. एका वेळी ओंजळीने मोजावी एवढीच पानं, साधारण शंभर ग्रॅम. पहिली बारा-पंधरा मिनिटं ते पानं उचलायचे आणि बोटं पसरून परत सोडायचे, वाफ निघून जायला, आणि मग हळूहळू तळहाताने कढईच्या अंगावर दाबायला लागायचे, दाबलं की ओढायचं, ओढलं की परत पसरायचं. हाताच्या अशा दहा हालचालींना नावं आहेत, झटकणं, थोपटणं, दाबणं, घासणं वगैरे, पण शुशुंचा हात बघितला तर कुठली कधी संपली आणि पुढची कधी सुरू झाली कळायचं नाही. हातात मोजे नाहीत, कारण पान किती ओलं राहिलंय हे कातडीलाच समजतं. त्यांनी एकदा माझा हात हातात घेऊन कढईत धरला, मी तीन सेकंदात मागे ओढला. त्यांचा तळवा मात्र चहाच्या तेलाने गुळगुळीत झालेला, बोटांच्या मुळाशी जुन्या फोडांचे घट्टे, आणि त्या हाताला रात्री जेवतानासुद्धा चहाचा वास यायचा.

त्या पहिल्या भाजणीत महत्त्वाचं घडतं ते हे, की उष्णतेने पानातली एन्झाइम्स बंद पडतात, म्हणून पान काळं न पडता हिरवं राहतं, नाहीतर त्याच पानाचा काळा चहा झाला असता. मग ते बाजूला काढून गार करतात, देठातली ओल पानभर पसरते, आणि तीन-चार कढया एकत्र करून दुसरी भाजणी, वीस-पंचवीस मिनिटं, कमी आचेवर, त्यात पान चपटं, गुळगुळीत आणि खुळखुळीत होतं. छिएनलुंग नावाच्या जुन्या चिनी बादशहाने पानं पुस्तकात ठेवली आणि ती चपटी झाली अशी तिथे गोष्ट सांगतात, छान आहे, पण चपटेपणा येतो तो ह्या तळहाताने. त्या वेळी घरात जो वास पसरतो तो मला थेट हुरड्याच्या आगटीजवळ घेऊन गेला, भाजलेला ओला हरभरा आणि खरपूस शेंगदाणा ह्यांच्या मधला काहीतरी. शेवटी चहा कागदात बांधून कळीच्या चुन्यासोबत मातीच्या रांजणात काही दिवस बंद ठेवतात, चुना उरलेली ओल ओढून घेतो आणि भाजणीचा उग्रपणा निवतो. चहा करण्याच्या अशा सगळ्या चिनी पद्धतींना 2022 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, ती बातमी वाचली तेव्हा मला शुशुंचा तो तळवाच आठवला.

आता तुमचा कडूपणा. कोवळ्या वसंतातल्या पानात थिअ‍ॅनिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, गोडसर चव त्याची, आणि ते कोमट-गरम पाण्यातही सहज उतरतं. कडू-तुरट कॅटेचिन्स मात्र पाणी जितकं तापलेलं तितकी जास्त सुटतात. तुम्ही पाच मिनिटं उकळलात म्हणजे कडू ते सगळं बाहेर काढलंत आणि सुगंध वाफेवर उडून गेला.

असं करून बघा. पाणी फिल्टरचं घ्या, उकळा, आणि झाकण काढून चार-पाच मिनिटं राहू द्या, साधारण 80 अंशावर येतं. सरळ काचेचा ग्लास घ्या, स्टीलचा नको, कारण अर्धी मजा बघण्यात आहे. ग्लास गरम पाण्याने विसळून घ्या, त्यात तीन ग्रॅम पानं टाका (पान हलकं असतं, चमचाभर-दीड चमचा होतं) आणि आधी ग्लासाच्या पाव भागाएवढंच पाणी घालून हलकेच गोल फिरवा. आता नाक जवळ न्या, ह्याच क्षणाला सगळ्यात चांगला वास येतो. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी जरा उंचावरून सोडा. पानं आधी वर तरंगतात, मग एकेक कोंब उभा राहून सावकाश खाली उतरतो. दोनेक मिनिटांनी प्यायला लागा, गाळायचं नाही, पानं ओठाशी आली तर हलकी फुंकर मारायची. आणि ग्लास पूर्ण रिकामा करू नका, एक तृतीयांश उरला की परत पाणी घाला, असं तीनदा होतं. मला दुसरा ग्लास सगळ्यात आवडतो. दूध, साखर, लिंबू, मध काहीही नको.

डबा घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, पण मसाल्याच्या किंवा लसणाच्या आसपास नको, हा चहा वास फार पटकन धरतो, आणि वर्षाच्या आत संपवा. डब्यावर शीहू लोंगजिंग असेल तर तो सरोवराभोवतीच्या ठरलेल्या भागातला, पण नुसतं लोंगजिंग असेल तरी खोटा समजू नका, शाओशिंगकडे शिनचांगलाही त्याच पद्धतीने लोंगजिंग करतात, तो मी साडेतीन वर्षं रोज प्यायलेय आणि उत्तम असतो. वजन कमी होईल ह्या आशेवर मात्र पिऊ नका, चवीसाठी प्या.

अजून एक, घरच्यांना देणार असाल तर आपला दुधाचा चहा झाल्यावर लगेच देऊ नका, जिभेवर साखर असली की ह्याची चव पाण्यासारखी लागते. दुपारी चारच्या सुमाराला, आपला चहा टाकायच्या आधी, सगळ्यांसमोर काचेच्या ग्लासात करा आणि आधी नुसता वास घ्यायला द्या.