१४ वर्षांची अल्टो: ४४ हजारांची दुरुस्ती की ४ लाखांचं कर्ज?

रत्नागिरीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांची २०११ ची पेट्रोल अल्टो ९२ हजार किलोमीटर चालली आहे. ट्रॅफिकमध्ये ती गरम होते, सकाळी पटकन स्टार्ट होत नाही, क्लच घसरतो. गॅरेजवाल्याने ४४ हजारांचा खर्च सांगितलाय, त्यातले २८ हजार इंजिन उघडण्याचे. विकली तर ६० हजार येतील. घरात पगार ५२ हजार, गृहकर्जाचा हप्ता १५ हजार, अडीअडचणीसाठी ९० हजार बाजूला, आणि मुलगी यंदा बारावीला. ४ लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घ्यावी का?

माझं मत स्पष्ट आहे: नवी गाडी आत्ता नको. पण ४४ हजारही लगेच देऊ नका.

‘६० हजारांच्या गाडीवर ४४ हजार कशाला घालायचे,’ असं तुम्हाला चार जण सांगतील. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, तो नव्या गाडीच्या हप्त्याशी ताडून बघा. साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी ४ लाख घेतले तर हप्ता साधारण ८,४०० बसतो आणि व्याजच १ लाख ४ हजारांच्या घरात जातं. दोन वर्षांत २ लाखांवर रक्कम हप्त्यांत जाईल. दोन्ही हप्ते मिळून पगारातले २३,४०० संपतील, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची फी समोर उभी राहील. मला खरी काळजी त्याची आहे.

आता ते २८ हजार. गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि हायवेवर तापमानाचा काटा ठीक राहतो, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आधी संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यायला हवा, कारण वेगात असताना समोरची हवाच फॅनचं काम करते. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. काटा अर्ध्याच्या वर गेला आणि फॅन फिरला नाही, तर मोटर, रिले किंवा सेन्सर बघायला सांगा. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील, ते बदलायला इंजिन उघडावं लागतं) गेलं असेल तर बहुधा कूलंट गळती न दिसताच कमी होत राहतं, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसू शकते. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची तपासणी, झाल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, भाजतं.

सकाळच्या त्रासासाठी बॅटरी मोजून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती आधी चार्ज करून पुन्हा तपासा. टर्मिनलवरची पांढरी भुकटी साफ करून फरक पडतो का तेही बघा. क्लच मात्र बदलावाच लागेल.

पण या सगळ्याआधी गाडी लिफ्टवर चढवा. कोकणातला पाऊस आणि खारी हवा पत्रा खाते. फ्लोअर आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं, तिथला गंज हाताने दाबून बघायला सांगा. इंजिनचे भाग बदलता येतात, कुजलेल्या सांगाड्यावर पैसे घालून उपयोग नाही. १५ वर्षं पूर्ण झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवावी लागते, त्याची फी ५ हजार, शिवाय पर्यावरण कर. तो खर्च आजच हिशोबात धरा.

सांगाडा धड असेल तर आधी फॅन, बॅटरी, क्लच करा, आणि दरमहा ८,४०० रुपयांची आरडी सुरू करा. ती सहा महिने न मोडता भरता आली, तर नव्या गाडीचा विषय मुलीच्या प्रवेशानंतर पुन्हा काढू. सांगाडा कुजलेला निघाला तर एक पैसाही न घालता गाडी विका.