पार्किंगचे कारण

चि. नव्या सभासदास,
सप्रेम आशीर्वाद.

आपल्या वाचक मंडळाच्या गेल्या बैठकीला तू पाऊण तास उशिरा आलास, हेल्मेट खुर्चीखाली सरकवलेस आणि म्हणालास, "पार्किंगच मिळत नाही, यापुढे जमेलसे वाटत नाही." सगळे हसले, कारण सदाशिव पेठेत येणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेले आहे. मला मात्र हसू आले नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः एकदा कशासाठी वापरले होते ते मला आठवले.

आधी गाडीचे बोलू. पेठांमधले रस्ते वाड्यांच्या आणि टांग्यांच्या काळातले आहेत. वाडे जाऊन इमारती आल्या, घरटी दोन-दोन दुचाकी आल्या, रस्ता मात्र बहुतेक ठिकाणी होता तेवढाच राहिला. तेव्हा जागा मिळत नाही हा तुझा अनुभव खरा आहे, पण तो तुझ्यावर झालेला अन्याय नव्हे. पी-१ आणि पी-२ च्या पाट्या वाचायला शीक: विषम तारखेला एक बाजू, सम तारखेला दुसरी. (महिन्याची ३१ तारीख आणि नंतरची १ तारीख या दोन्ही विषम असल्यामुळे त्या रात्री गाडी हलवावी लागत नाही, पेठेत राहणाऱ्यांचे एवढेच काय ते सुख.) 'फाटकासमोर वाहन लावल्यास हवा सोडली जाईल' ही पाटी बाहेरच्यांना विनोदी वाटते, परंतु आतल्या घरातून एखाद्या आजारी माणसाला रिक्षापर्यंत न्यायचे असते तेव्हा तुझी आडवी लावलेली गाडी कुणालाच विनोदी वाटत नाही. जून महिन्यात अप्पा बळवंत चौकाच्या वाटेला जाऊ नकोस, कारण शाळेची पुस्तके घ्यायला आलेल्या पालकांपुढे तुझा निभाव लागणार नाही. आणि सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो मंडईपर्यंत येते; तिथून चालत यावे, म्हणजे डोके शांत ठेवून खोलीत शिरता येते. चिडलेला माणूस पुस्तकाविषयी फार कठोर बोलतो, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळात एका कादंबरीवर चर्चा चालली होती. तिच्यातला मुलगा आईला वृद्धाश्रमात ठेवतो. मी मोठ्या आवेशाने म्हणाले की असा मुलगा माणूसच नव्हे. समोरच्या एका सभासदाने पुस्तक मिटले आणि चहा न घेताच ते निघून गेले. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या आईला तशाच एका ठिकाणी पोहोचवले होते, हे मला दोन दिवसांनी कळले. त्यानंतरच्या तीन बैठकांना मी गेले नाही आणि तिन्ही वेळा स्कूटर लावायला जागा मिळत नाही असे कळवले. माझे घर तिथून चालत बारा मिनिटांवर आहे, याची आठवण शेवटी एका मैत्रिणीने करून दिली. चौथ्या महिन्यात त्याच सभासदांचा दूरध्वनी आला. ते म्हणाले, "आमच्या वाड्यात जागा ठेवली आहे, स्कूटर आत लावा." कादंबरीतल्या मुलाविषयीच्या माझ्या त्या वाक्याबद्दल आम्ही पुढे कधीही बोललो नाही, मी मात्र पात्रांविषयी निकाल देताना आजही खोलीत कोण कोण बसले आहे ते पाहून घेते.

म्हणून तुला विचारते आहे. तू उशिरा आलास त्याच्या आदल्या बैठकीत, चर्चेतल्या पुस्तकाच्या नायिकेने घर सोडायला नको होते असे तू म्हणू लागलास, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदाने तुला मध्येच तोडले. तू 'माझ्या बहिणीने' एवढेच म्हणालास आणि थांबलास. तुझी पार्किंगची तक्रार त्यानंतर सुरू झाली, की आधीपासूनच होती? उत्तर मला कळवण्याची गरज नाही. बहिणीविषयी बोललेच पाहिजे असेही नाही. सभासद झालो म्हणून आपले घर सर्वांपुढे उघडावे लागत नाही, आणि दुसऱ्याने उघडलेच तर ते ऐकून तिथेच ठेवायचे असते. परंतु जे बोलायचे नाही ते बोलायचे नाही म्हणून गप्प बसणे वेगळे, आणि मंडळच सोडून देणे वेगळे. पुस्तक अर्धेच वाचून झाले असले तरी ये. उशीर झाला तर मागच्या खुर्चीवर बस. कारण सांगू नकोस, कुणी विचारत नाही.

तुला तोडणाऱ्या त्या सभासदांशी मी बोलले आहे. त्यांना ती गोष्ट आठवतही नव्हती, पण आठवण दिल्यावर ते ओशाळले. येत्या शनिवारी सम तारीख आहे, तेव्हा गाडी पिठाच्या गिरणीच्या बाजूला लाव आणि गिरणीच्या दारासमोर तेवढी जागा मोकळी सोड.

तुझी,
एक जुनी सभासद